धबधब्याला जमावबंदी

दर पावसाळ्यात आपल्याकडे एक क्रम ठरलेला असतो. रविवारी कुठल्यातरी धबधब्यावर कुणीतरी वाहून जातं, सोमवारी त्याची चित्रफीत घरोघरी पोचते आणि आठवडा संपायच्या आत जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. मग दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘लोकांना अक्कल नाही, सगळं बंद करा आणि जाणाऱ्यांना फटकावून काढा.’ दुसरा म्हणतो, ‘सह्याद्री काय सरकारच्या मालकीचा आहे? आम्ही जाणारच.’ पहिला बोलत असतो पोरांच्या वागणुकीबद्दल, दुसरा स्वतःच्या हौसेबद्दल. धबधब्यावर माणूस नेमका कशाने मरतो आणि त्यावर काय करता येतं, हा विषय दोघांच्याही तोंडी येत नाही. चार दिवसांनी पाऊस ओसरतो, वादही ओसरतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. धबधबे बंद करावेत, जरूर करावेत, पण पाणी बघून; महिना बघून नव्हे. वर डोंगरावर जोर धरला असेल तर तासाभरासाठी करा, हवामान खात्याचा लाल इशारा असेल तर दोन दिवस करा. पण महिनाच्या महिना, तालुक्याच्या तालुका एका कागदावर बंद करणं म्हणजे जबाबदारी झटकण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. त्या कागदाने कठडा उभा राहत नाही, वाट सुधारत नाही, दोर घेऊन कुणी उभं राहत नाही. होतं एवढंच, की पुढचा अपघात झाला की ‘आम्ही बंदी घातली होती’ असं म्हणता येतं.

३० जून २०२४ चा भुशी धरणाचा प्रसंग कुणी विसरलेलं नसेल. वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून रेल्वेने बांधलेल्या त्या धरणाच्या मागच्या बाजूला एक धबधबा आहे. पुण्याहून आलेलं एक कुटुंब तिथे प्रवाहाच्या मधोमध एका खडकावर अडकलं. एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. पाच जण गेले, त्यात लहान मुलं होती. नंतरच्या चर्चेत दारू, हुल्लड, रील हे शब्द इतक्यांदा आले, की ऐकणाऱ्याला वाटावं तिथे एखादं टोळकंच होतं. चित्रफितीत मात्र दिसतं ते लेकराबाळांसह सहलीला आलेलं घर. ते उतरले तेव्हा तिथलं पाणी इतर शेकडो लोकांना वाटलं तसंच त्यांनाही साधंच वाटलं असणार. पाऊस वरच्या अंगाला झाला आणि पाणी खाली आलं.

सह्याद्रीचा कातळ काळा बसाल्टचा. पठारावर मातीचा थर पातळ, त्यामुळे मुरायचं ते पहिल्या काही आठवड्यांत मुरून जातं. त्यानंतर पडलेला प्रत्येक थेंब थेट ओढ्याला लागतो. वरचं पठार चारी बाजूंनी निथळून एका घळीत उतरतं, आणि तुम्ही जिथे उभे असता तिथे ऊन पडलेलं असलं तरी पंधरा-वीस मिनिटांत लोंढा येऊ शकतो. वेगाने येणारं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी धडधाकट माणसाला आडवं करतं. हा एक धोका. धबधब्याच्या पायथ्याचा डोह हा दुसरा: तिथे पाणी खाली जाऊन पुन्हा कड्याकडे वळतं, म्हणून पट्टीचा पोहणाराही बाहेर येत नाही. त्याच जूनच्या अखेरीस ताम्हिणीत एकाने डोहात उडी मारली, त्याला काठ गाठता आला नाही आणि तो वाहून गेला. तिसरा धोका शेवाळलेल्या कड्याचा. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ करायला गेलेली एक तरुणी शेकडो फूट खोल दरीत पडली, आणि तिला वर काढायला बचाव पथकांना काही तास झगडावं लागलं. ही तीन मरणं तीन वेगळ्या कारणांची आहेत. लोंढ्याला वरच्या अंगाला बसलेला माणूस आणि शिट्टी लागते. डोहाला सीमारेषा आणि जीवरक्षक लागतो. कड्याला कठडा लागतो. आपण तिन्हीवर एकच औषध देतो, आणि तेही कागदाचं.

आणि तो कागद तरी कुठला? १ जुलै २०२४ पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४, त्यानंतर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. नाव बदललं, आत्मा तोच. इंग्रजांच्या काळापासून हे कलम आपल्या ओळखीचं आहे. सभा मोडायला, मोर्चे अडवायला, पुढाऱ्याला गावात शिरू न द्यायला ते वापरलं गेलं. ते तातडीच्या प्रसंगासाठी आहे, म्हणूनच जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश जास्तीत जास्त दोन महिने टिकतो. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या निर्बंधांवरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की या कलमाखाली पुन्हापुन्हा आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल. आता सांगा, मृगात येणारा पाऊस ही तातडीची, अनपेक्षित घटना आहे का? दरसाल त्याच ठिकाणी, त्याच महिन्यात, बहुतेक त्याच मजकुराचा आदेश काढावा लागत असेल, तर त्याचा अर्थ मधल्या दहा महिन्यांत कुणी काही केलेलं नाही एवढाच होतो.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे मात्र हलके नाहीत. मी स्वतः मावळात रविवारच्या संध्याकाळी तीन तास एका जागी गाडीत बसलोय, मागे रुग्णवाहिका भोंगा वाजवत होती आणि तिला जायला वाव नव्हता. गावकऱ्यांच्या भातखाचरात बाटल्या फुटतात, लावणीला उतरलेल्या बाईच्या पायात काच जाते. बायका-मुलींना छेडणारी टोळकी असतात. ठाण्यात मोजके हवालदार, त्यांनी घाट बघायचा की धबधबा? आणि सगळ्यात वजनदार मुद्दा बचाव करणाऱ्यांचा. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या पथकांतली माणसं नोकरी-धंदा सांभाळून, बिनपगारी, रात्रीबेरात्री दोरावरून दरीत उतरतात. कुणाच्या तरी हौसेपायी त्यांनी जीव का पणाला लावावा, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. अभयारण्यातल्या काही जागा तर माणसासाठी कायमच्याच बंद असाव्यात असं माझंही मत आहे.

पण या सगळ्यावर बंदी हा उपाय आहे का? खारघरच्या पांडवकड्यावर वर्षानुवर्षे पावसाळी बंदी आहे. शहराला लागून, दिसायला समोर, पोलीस पाटी घेऊन उभे. तरीही लोक आडवाटांनी त्या डोंगरात शिरत राहिले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कॉलेजच्या चार मुली तिथे वाहून गेल्या. गोव्यात जुलै २०२३ मध्ये मैनापी धबधब्यावर दोघं बुडाले, वन खात्याने अभयारण्यातले धबधबे बंद केले. त्याच महिन्यात दूधसागरला निघालेले शेकडो लोक रेल्वेच्या रुळांवरून चालत असताना पकडले गेले आणि रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या. ती चित्रफीत पाहून आपण हसलो. पण जाणती वाट बंद केली की माणूस रुळावर येतो, हे त्या उठाबशांत कुणाला दिसलं नाही.

बंदी गाळणीचं काम करते, फक्त उलटी. नियम पाळणारा गृहस्थ, मुलांना घेऊन आलेली आई, वाटाड्याला पैसे देऊन जाणारा गट हे आदेश वाचून घरी थांबतात. आदेश न वाचणारा, किंवा वाचून चेव चढणारा, जातोच. शिवाय तो चोरवाटेने जातो, संध्याकाळी जातो, अडचणीत आला तर गुन्हा दाखल होईल म्हणून फोन करायला कचरतो. गावचा जाणता पोरगा त्याच्यासोबत नसतो, कारण आदेशामुळे त्यालाही भीती असते. खाली भजी-मक्याची टपरी असते तिथे निदान चार डोळे असतात. भुशीच्या घटनेनंतर तिथल्या टपऱ्या हटवल्या गेल्या. अतिक्रमण होतं, मान्य. पण बुडणाऱ्याची हाक ऐकणारेही तेच होते.

आणखी एक गोष्ट या वादात कुणी बोलत नाही. धबधब्याची एका दिवसाची सहल ही या राज्यातली बहुधा सगळ्यात स्वस्त सुट्टी आहे. कर्जत लोकल पकडायची, भिवपुरी रोडला उतरायचं, डब्यात पोळी-भाजी, संध्याकाळी ओल्या कपड्यांनी परत. ज्याच्याकडे लोणावळ्यात बंगला भाड्याने घेण्याइतके पैसे आहेत त्याला बंदीने काही फरक पडत नाही. त्याच्या अंगणात तरणतलाव असतो आणि त्यावर कलम १६३ लागत नाही. बंदी लागते ती गोवंडीच्या, हडपसरच्या, कळव्याच्या माणसाला. ‘यांना अक्कल नाही’ या वाक्यातला ‘यांना’ कोण असतो, हे जरा कान देऊन ऐकावं.

मग गर्दी सांभाळता येत नाही म्हणावं, तर तेही आपल्याला शोभत नाही. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत तीनशेच्या आसपास माणसं चेंगरून मेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दुकानांची दाटी. त्यानंतर कुणी काळूबाईची यात्रा कायमची बंद करा म्हणालं का? न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला गेला, वाटेची, गर्दीची, नारळ फोडण्याची शिस्त लावायचे प्रयत्न झाले. यात्रा दरसाल भरते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी होते. भर पावसात, चिखलातून, रात्रीच्या अंधारात लाखो माणसं डोंगराला वळसा घालतात. एसटी जादा गाड्या सोडते, वाटेवर बंदोबस्त आणि दवाखाना असतो. विसर्जनाला प्रत्येक घाटावर जीवरक्षक असतात. म्हणजे हात आपल्याला आहेत. देव असला की व्यवस्था करायची आणि नुसतं पाणी असलं की कलम लावायचं, एवढाच फरक.

‘ते भाविक, हे हुल्लडबाज,’ असं कुणी म्हणेल. वारीत आणि विसर्जनात हुल्लड नसते असं मानणाऱ्याने एकदा अनंत चतुर्दशीला रात्री लक्ष्मी रस्त्यावर उभं राहावं.

परदेशाचे दाखले द्यायचा मला सोस नाही, पण एक दिल्याशिवाय राहवत नाही, कारण तो कौतुकाचा नाही, वेडेपणाचा आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात सिल्व्हर फॉल्स नावाचं स्टेट पार्क आहे. साडेअकरा किलोमीटरची पायवाट, तीवर दहा धबधबे, त्यातल्या चार धबधब्यांच्या पडद्यामागून चालत जाता येतं. पोर्टलंडकडच्या आपल्या मराठी लोकांच्या फोनमध्ये तिथले फोटो हमखास सापडतात, खाली ‘किती शिस्त!’ असं लिहिलेलं. तर या शिस्तीच्या जागी १९२० च्या दशकात काय चाललं होतं? जमिनीचा मालक तिकीट लावून लोक जमवायचा आणि त्यांच्या करमणुकीसाठी जुन्या मोटारी साऊथ फॉल्सवरून खाली लोटायचा. १९२८ मध्ये एक बहाद्दर होडीत बसून त्या ५४ मीटरच्या धबधब्यावरून खाली आला, हाडं मोडून घेतली. रील नव्हतं, एवढंच. आजूबाजूचं जंगल इतकं तोडलेलं, की राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा द्यायला केंद्राने नकार दिला. मग राज्याने जागा घेतली, १९३३ मध्ये पार्क झालं, आणि मंदीत बेकार झालेल्या तरुणांना सरकारी मजुरी देऊन त्यांच्याकडून पायवाटा, दगडी कठडे, लाकडी पूल बांधून घेतले. आज ज्या वाटेला आपण शिस्त म्हणतो ती त्या पोरांनी कुदळीने खोदलेली आहे.

बेकार माणसाला काम देऊन त्यातून गावाच्या कामाची गोष्ट उभी करायची, ही कल्पना महाराष्ट्राला नवी आहे का? १९७२ च्या दुष्काळात ती आपणच राबवली, वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे साऱ्या देशाने ती उचलली. पाझर तलाव आणि रस्ते त्यातून झाले. मग कर्जत, माणगाव, मावळ, अकोले तालुक्यांत उन्हाळ्यात हाताला काम नसलेल्या माणसांकडून धबधब्याच्या वाटेला दगडी पायऱ्या आणि कड्याला कठडा का होऊ नये? फार मोठं काँक्रीट नको. देवकुंडासारख्या ठिकाणी ओढा ओलांडायच्या दोन जागा नीट झाल्या तरी जीव वाचतील.

नियंत्रित प्रवेशाचा नमुना तर घरातच आहे. साताऱ्याचं कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, तेव्हा तिथे मोटारी फुलांवर उभ्या राहत होत्या. आज दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, शुल्क, आणि आजूबाजूच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती. कुंपणावरून वाद झाले, शुल्कावरून झाले, सगळं आलबेल नाही. पण आदेश काढून पठार बंद केलेलं नाही, आणि राखण करणाऱ्या पोरांना त्यातून रोजगार मिळतो.

इथे कुणी म्हणेल, मग पाणी बघायलाही तिकीट का? हा आक्षेप मला पटतो, आणि तो जुना आहे. एकोणिसाव्या शतकात नायगारा धबधब्याभोवतीची अमेरिकेच्या बाजूची एकूणएक जागा खासगी मालकांनी बळकावली होती. कुंपणाच्या भोकातून धबधबा बघायचे पैसे घ्यायचे. लोकांनी पंधरा-वीस वर्षं चळवळ केली, आणि १५ जुलै १८८५ ला न्यूयॉर्क राज्याने ती जागा विकत घेऊन सगळ्यांना फुकट खुली केली. आपल्याकडेही काही ठिकाणी पावती फाडणारी समिती आहे पण दोराचा तुकडाही नाही. मी अशा एका ठिकाणी पावती घेतली, तिच्या मागे ‘पर्यटकांनी स्वतःच्या जबाबदारीवर जावे’ असा शिक्का होता. मग पैसे कशाचे घेतले? शुल्क घ्यायचं तर हिशेब फाट्यावरच्या फळ्यावर लागला पाहिजे: एवढे आले, एवढ्यात दोन जीवरक्षक, एवढ्यात कठडा. नाहीतर नायगाऱ्याच्या भोकात आणि या पावतीत फरक नाही.

फलक लावला की काम झालं ही समजूत किती महाग पडते, ते १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला दिसलं. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीसकट कोसळला, चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती. पाटीही होती आणि पूलही उघडा होता. त्या दोहोंपैकी एक काढून टाकायला कुणाची परवानगी लागत होती?

गेल्या जुलैत आम्ही कर्जतच्या बाजूला एका छोट्या धबधब्यावर गेलो होतो. मी, बायको, मेहुणा आणि दोन्ही घरची मिळून तीन पोरं. आदेश अजून निघायचा होता. वाडीच्या तोंडाशी एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा भेटला, माणशी पन्नास रुपये म्हणाला. वाटेत त्याने दोनदा आम्हाला थांबवून वरच्या डोंगराकडे पाहिलं. पाण्याजवळ पोचल्यावर त्याने पोरांना एका दगडाच्या अलीकडे बसवलं, पलीकडे जायचं नाही म्हणून दम दिला, आणि स्वतः प्रवाहाच्या वरच्या टोकाला जाऊन उकिडवा बसला. पाऊण तासाने उठून आला. ‘चला काका, पाणी लाल व्हायला लागलंय.’ मला काही लाल दिसेना. नीट पाहिलं तेव्हा पांढऱ्या फेसाला चहात दूध कमी पडल्यासारखा रंग आला होता आणि त्यातून एक-दोन हिरवी पानं, काटक्या येत होत्या. पोरं कुरकुरली. आम्ही ओढा ओलांडून टेकाडावर पोचलो आणि मागे वळून पाहिलं, तर पोरं बसली होती तो दगड पाण्याखाली गेला होता.

उतरताना त्याला विचारलं, आदेश निघाल्यावर काय करतोस? म्हणाला, ‘आम्ही बंद करतो काका, पोलीस आम्हालाच धरतात. लोक मागच्या खिंडीतून येतात मग. तिकडून कोन नेत नाय, तिकडं उतार लय वाईट.’ ओढा ओलांडताना त्याने एक दोर दोन झाडांना बांधून आम्हाला धरायला दिला होता. निळा नायलॉनचा, एका जागी गाठ मारून जोडलेला. तो गुंडाळत होता तेव्हा मी विचारलं, हा वन खात्याने दिला का?

‘नाय ओ,’ तो म्हणाला, ‘बैलाचा हाय.’